प्रकरण सतरावे : नख्ले मास्तरांचे निधन आणि त्यांची हरकत

सन दोन हजार बारा, ऑक्टोबर महिन्याची वीस तारीख, शनिवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे; कूरा प्रांतातील कफर-तीन या गावी, मार इलियासच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या सरूफांच्या घराच्या वरच्या मजल्यावरील गच्चीत, निवृत्त शिक्षक नख्ले सरूफ, वय वर्षे चौऱ्याऐंशी, हे घट्ट दह्याचा गोळा तेलात बुडवून पावाला लावत असताना त्यांच्या निधनाची घंटा वाजू लागली.

ठोके एकेरी आणि संथ होते. दोन ठोक्यांमध्ये ऐकणाऱ्याला गावातले सगळे म्हातारे एकदा आठवून घेता येतील इतके अंतर होते. नख्लेंनी पाव खाली ठेवला. देव त्यांना साठ वर्षे मान्य नव्हता, परंतु शेजारी मान्य होते. अंगणात ऑलिव्ह निवडत बसलेल्या आपल्या विधवा बहिणीला, वर्देला, त्यांनी कठड्यावरून वाकून विचारले की कोण गेले. वर्देने छातीवर क्रूस काढला आणि काल संध्याकाळपर्यंत तरी सगळे जागच्या जागी होते असे सांगितले.

याचे उत्तर दहा मिनिटांत जिना चढून आले. सलीबा न्हावी काळा कोट घालून, मागे बायको आणि तिच्या मागे दोन मेहुण्या असा वर आला, दिवाणखान्याच्या दारात थबकला, आणि गच्चीतल्या खुर्चीवर पायजमा घालून बसलेल्या मास्तरांना पाहून त्याच्या तोंडून, केवळ चाळीस वर्षांच्या सवयीने, प्रत्येक मयताच्या घरी म्हणायचे ते वाक्य बाहेर पडले.

"त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो."

नख्लेंनी क्षणभर विचार केला आणि यात आपल्याला काहीच चूक दिसत नाही असे सांगून त्याला बसायला खुर्ची दाखवली.

*

अपराधी होता जुर्जी, वर्देचा मुलगा, गावातल्या तेलाच्या घाण्याचा मालक. त्याला त्याचा अपराध घाण्यावरच कळला. घंटा ऐकून कामगारांनी यंत्र बंद केले, टोप्या काढल्या, आणि एकेक जण येऊन, तुझे मामा फार मोठा माणूस होते, असे त्याच्या कानाशी सांगू लागला. तो धावत पावाच्या भट्टीपर्यंत गेला. भिंतीवर, निवडणुकीच्या जुन्या चेहऱ्यांवर ताजी खळ लावून, काळ्या चौकटीतले पत्रक चिकटवलेले होते. खळ अजून ओली होती.

जुर्जी तसा सरळ माणूस. या घरात गेले सहा महिने जे चालले होते त्यात पक्ष न घेतलेला तो एकटाच होता, आणि म्हणून सगळ्यांची कामे त्याच्याच गळ्यात पडत. गेल्या ईस्टरच्या जेवणात, कोकराची मान वाढली जात असताना, नख्लेंनी देवाबद्दल 'कदाचित' हा शब्द उच्चारला होता, आणि तेव्हापासून सरूफांच्या घरात कोणी नीट जेवले नव्हते.

मामांचे म्हणणे असे. जे सिद्ध झाले नाही ते लिहू नये, हे त्यांनी गावाच्या तीन पिढ्यांना शिकवले. ज्याने लिहिले त्याच्या वहीत लाल शाईने 'उत्तर अपुरे' असा शेरा मारला. अर्ध्या गावाचे बालपण त्या दोन शब्दांखाली गेले. सलमामामी गेल्यापासून चार वर्षे ते रोज सकाळी दोन पेले कॉफी ओतत आणि रिकाम्या खुर्चीला वर्तमानपत्र वाचून दाखवत. एके सकाळी त्यांनी स्वतःलाच रंगेहाथ पकडले. एकतर आपण कोणाशीही बोलत नाही, किंवा कोणाशी तरी बोलतो आहोत. आणि यातला पहिला पर्याय आपण सिद्ध केलेला नाही. देव नाही, हे विधानसुद्धा त्यांनी साठ वर्षे पुराव्याशिवाय केले होते. तेव्हा प्रामाणिक माणसाला एकच उत्तर उरते.

हे सगळे तत्त्वज्ञान राहिले असते, पण ऑगस्टमध्ये ट्रिपोलीच्या डॉक्टरांनी त्यांचे हृदय तपासून, यंदाचे तेल तुम्ही खाल, पुढच्या वर्षीचे बघू, असे सांगितले. आणि मामांना एकच गोष्ट हवी होती: चर्चच्या तळघरातल्या सरूफांच्या दफनखोलीत, सलमामामीच्या शेजारची जागा. ती जागा त्यांनी स्वतःच घालवली होती. मामीच्या अंत्यविधीतल्या प्रवचनाचा राग येऊन ते नोंदणी कचेरीत गेले होते आणि आपल्या नावापुढच्या पंथाच्या रकान्यात तिरपी रेघ मारून घेऊन आले होते. या देशात जन्म, लग्न आणि दफन ही तिन्ही खाती पंथांकडे. तिरप्या रेघेला पुरण्याची सोय कुठेच नाही. सप्टेंबरात ते चर्चमध्ये गेले. फादर मितरी, ज्याला सगळे गाव अबूना म्हणते आणि मामा अजून नुसते मितरी म्हणतात, त्यांचाच विद्यार्थी. त्याने फार मागितले नाही. एका ओळीत लिहून द्या, मास्तर, की मी मानतो. मामांनी दोन मसुदे केले, दोन्ही फाडले आणि घरी आले.

मग त्यांनी, निदान पत्रक तरी शुद्ध असावे म्हणून, आपल्या निधनाचे पत्रक स्वतः लिहिले. 'ईश्वराच्या इच्छेने' हे सगळे लिहितात. मामांनी 'ईश्वर असल्यास त्याच्या इच्छेने' असे लिहिले. 'पुनरुत्थानाच्या आशेवर निद्रिस्त' या ओळीत त्यांनी 'आशेवर' च्या आधी 'यत्किंचित' घातला. दिवस आणि वेळ कोरी ठेवली. आणि चांगल्या टायपात कसे दिसते ते बघू, एकच प्रत काढून आण, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी जुर्जीला शेजारच्या गावातल्या छापखान्यात पाठवले.

छापखान्याच्या मालकाला जिवंत माणसाचे पत्रक छापण्याचा अनुभव नव्हता. घाई नाही, असे जुर्जी म्हणाला, ते त्याला शोकातली सभ्यता वाटली. कोऱ्या जागी त्याने दुसऱ्या दिवसाची तारीख आणि दुपारी तीनची वेळ घातली, कारण अंत्यविधी तीनलाच असतो. 'असल्यास' आणि 'यत्किंचित' हे त्याला शोकाकुल भाच्याच्या हातून झालेले प्रमाद वाटले. ते त्याने, वेगळे न सांगता, दुरुस्त केले. दोनशे प्रती काढल्या आणि नेहमीप्रमाणे पहाटेच्या पावाच्या गाडीबरोबर तीन गावांत लावायला धाडल्या.

जुर्जीने भट्टीच्या भिंतीवरचे पत्रक ओरबाडून काढले आणि खिशात घातले. उरली एकशे नव्याण्णव.

*

गावाच्या वेशीवरच्या विजेच्या खांबाजवळ एक गाडी कचकन थांबली, तिच्यात मास्तरांची एकुलती एक मुलगी होती. तिचे नाव वालेन्तिना. एकोणपन्नास वर्षांपूर्वी अवकाशात गेलेल्या त्या पहिल्या बाईवरून बापाने हे नाव ठेवले, तेव्हा आत्याने आठवडाभर अन्न सोडले होते. वालेन्तिना ट्रिपोलीत औषधाचे दुकान चालवी आणि शनिवारी बापाच्या गोळ्या घेऊन येई.

खांबावरच्या पत्रकात तिने बापाचे नाव वाचले आणि ती स्टिअरिंगवर डोके टेकून रडली. नंतर डोळे पुसून तिने पत्रक नीट, शेवटपर्यंत वाचले. 'ईश्वराच्या इच्छेने.' 'पुनरुत्थानाच्या आशेवर.' रडू थांबले. तिच्या मनात असे आले, आणि पुढे तिने ते कबूलही केले, की आत्याने बाबांचा जीव जायचीही वाट बघितली नसेल, डोळे मिटता मिटताच बाप्तिस्मा उरकून घेतला असेल.

जिन्यात तिला काळ्या कपड्यांची रांग लागली. लोकांनी तिला वाट दिली, तिचे हात दाबले, उरलेले आयुष्य तिला बहाल केले. ती दिवाणखान्यात शिरली तेव्हा भिंतीलगतच्या खुर्च्यांवर वीसेक माणसे कॉफी पीत होती आणि मधोमध तिचे वडील, चष्मा कपाळावर चढवून, तेच पत्रक लाल पेन्सिलीने तपासत होते.

तिने त्यांना इतके घट्ट धरले की पेन्सिल मोडली. मग ती सरळ झाली.

"आत्या, हे कोणी लिहिलं?"

वर्दे कॉफीची किटली घेऊन उभी होती. तिची स्वतःची अडचण निराळी होती. मयताच्या घरी कॉफी बिनसाखरेची द्यावी, आनंदाच्या प्रसंगी गोड. इथे माणसे दुःखाला आली होती आणि दुःख तर खुर्चीत बसून शुद्धलेखन बघत होते. पाहुण्यांना तसेच दवडणे शक्य नव्हते. शेवटी तिने अर्धी साखर घातली होती, आणि ही काय चव म्हणायची, हे कोणी विचारू नये अशी तिची इच्छा होती.

"मी नाही लिहिलं," ती म्हणाली. "मी लिहिलं असतं तर नुसतं 'आशेवर' नसतं लिहिलं. 'खात्रीवर' लिहिलं असतं."

नख्लेंनी मान वर केली आणि लेखक आपणच असल्याचे सांगितले. मात्र छापखान्याने आपल्या मजकुरातून दोन शब्द चोरले आहेत. मला मारल्याबद्दल माझी तक्रार नाही, ते म्हणाले, अशा चुका होतात. पण 'असल्यास' काढायचा अधिकार त्याला कोणी दिला. आता तीन गावांत भिंतीवर असे लिहिलेले आहे की नख्ले सरूफ खात्रीने बोलला.

खुर्च्यांवरून हळहळ उमटली. सलीबाने सांत्वनपर सुरात म्हटले की मास्तर, पाऊस लागला की पत्रके धुऊन जातील.

परंतु वालेन्तिनाच्या कानात वेगळेच शिरले होते. 'असल्यास.' म्हणजे ते ईस्टरचे खूळ अजून होतेच. ज्या बापाने तिला सहाव्या वर्षी मेणबत्ती लावू दिली नव्हती, ज्याच्यामुळे शाळकरी वयात तिला कोणी लग्नाच्या मिरवणुकीत घेतले नव्हते, त्या बापाने तिला देव नाही म्हणणाऱ्या बाजूला एकटी उभी करून स्वतः मात्र हळूच उंबऱ्यावर येऊन बसावे, हे तिला फसवणुकीसारखे लागले. तिच्याकडे उपाय तयार होता. वरच्या बागेतले मोठे ऑलिव्हचे झाड, त्याखाली स्वतःच्या जमिनीत दफन, आणि परवानगीसाठी ती मंत्रालयाच्या पायऱ्यांवर बसायला तयार होती. फक्त बापाने हो म्हणायचे होते.

"बाबा, तुम्ही मला त्या बाईचं नाव ठेवलंत. ती वर जाऊन बघून आली, तिथे कोणी नाही, असं सांगितलंत मला."

"ती फार वर गेली नव्हती," नख्ले म्हणाले.

कोणीतरी कॉफीत ठसकले.

इथे असे काही घडले जे सरूफांच्या घराण्यात त्यापूर्वी घडले नव्हते. आत्या आणि भाची एका बाजूला आल्या. चाळीस वर्षे त्या दोघींनी एकमेकींच्या पानातले मीठसुद्धा वादाशिवाय उचलले नव्हते. पण वर्देने किटली खाली ठेवली, भाचीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की पोरगी बरोबर बोलते आहे.

"तू नाही म्हणत होतास, दादा, तेव्हा मला कळत होतं कोणासाठी प्रार्थना करायची. आता काय करू? कदाचित म्हणे. देव काय पाहुणा आहे, आला तर आला?"

"नाहीतर नाही म्हणा," वालेन्तिना म्हणाली.

"नाहीतर हो म्हण," वर्दे म्हणाली.

"काहीतरी एक," दोघी म्हणाल्या, आणि आपण एकाच वेळी बोललो हे लक्षात येऊन दोघीही जरा चपापल्या.

जुर्जी दारात येऊन पोहोचला होता, घामाघूम, दोन्ही खिशांत फाडलेली पत्रके. कदाचित म्हटले तर काय बिघडले, मामांनी कोणाचे वाईट केले आहे, असे तो पुटपुटला. दोघींनी त्याला एकदमच गप्प केले आणि ज्याने दोनशे ठिकाणी मामाला मारले त्याने मध्ये बोलू नये असे बजावले.

नख्ले उभे राहिले. पायजम्याची नाडी लोंबत होती, तरी उभे राहिल्यावर ते वर्गात असल्यासारखे दिसत आणि सलीबासकट निम्म्या खुर्च्या नकळत सरळ झाल्या. ते म्हणाले की साठ वर्षे मी जे बोललो ते मला ठाऊक होते म्हणून बोललो असे नाही. बोलायला बरे वाटत होते म्हणून बोललो. तेव्हा सलमा जिवंत होती. ती दर रविवारी चर्चमध्ये जायची आणि परत येऊन मला सांगायची, तुझा निरोप दिला. मी हसायचो. निरोप पोहोचला की नाही हे मी कधी विचारले नाही. आता विचारावेसे वाटते, आणि विचारणाऱ्याने आधी उत्तर लिहून ठेवू नये.

"मला तिच्या शेजारी झोपायचं आहे," ते म्हणाले. "पण त्यासाठी खोटं लिहिलं तर ती पहिल्यांदा तेच काढेल. असली तर."

वालेन्तिनाने मान फिरवली. वर्देने ॲप्रनच्या टोकाने किटलीचे बूड उगाचच पुसले. तेवढ्यात जिन्यावर जड पावले वाजली.

*

अबूना मितरी धापा टाकत वर आला. वय बासष्ट, पोट मोठे, दाढी पांढरी, आणि ती आज नेहमीपेक्षा अधिक पांढरी होती. पिंजारलेल्या दाढीत, काळ्या झग्याच्या बाह्यांवर आणि भुवयांवर चुन्याची भुकटी होती. त्याने खोलीत पाऊल टाकले, नख्लेंना उभे पाहिले आणि दाराची चौकट धरली.

त्याला वस्तुस्थिती सांगण्यात थोडा वेळ गेला, कारण सगळे एकदम सांगत होते. छापखाना, पावाची गाडी, तीनची वेळ. तो ऐकत होता आणि नजर मास्तरांवरून हलत नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, मग लाज आली, मग राग, आणि राग येताच त्याला स्वतःच्या जागेवर परतल्यासारखे वाटले.

"म्हणजे मी चाळीस ठोके फुकट दिले," तो म्हणाला.

"एकेचाळीस," नख्ले म्हणाले.

वर्देने लगेच सूत्रे हातात घेतली. अबूना आता आलेच आहेत, साक्षीला गाव आहे, दादाने ती एक ओळ लिहून द्यावी आणि विषय मिटवावा. वालेन्तिनाने सांगितले की बाबा लिहिणार नाहीत, आणि लिहिले तर ती फाडेल. एवढ्यातच युती मोडली. जुर्जी कोणाची बाजू घ्यावी हे न कळून कपबश्या गोळा करू लागला.

नख्ले मात्र या कशातच नव्हते. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुढे होऊन आपल्या जुन्या विद्यार्थ्याची बाही बोटांत धरली, पूर्वी शाईचे डाग तपासत तशी.

"मितरी. हा चुना कुठला?"

अबूनाने बाही सोडवून घ्यायला पाहिली.

"चर्चला रंग लागलेला नाही. मी रोज गच्चीतून बघतो. चुना कुठला?"

"खालचा," अबूना म्हणाला. "तळघरातला."

खोलीत कपबश्यांचा आवाज थांबला. हळूहळू, एकेक प्रश्नाने, ते बाहेर आले. सकाळी चर्चचे दार उघडताना त्याने भिंतीवरचे पत्रक पाहिले: आज तीन वाजता, याच चर्चमध्ये. आपल्याला कोणी सांगायला आले नाही याचा अर्थ त्याने एकच लावला. वर्देमावशी घाबरली, सप्टेंबरात आपण नाही म्हटले, म्हणून आज तिने दारात येऊन विचारण्याऐवजी भिंतीवर लिहून टाकले. त्याला स्वतःची शरम वाटली. त्याने घंटा वाजवली आणि मग किल्ली घेऊन खाली उतरला. दार चार वर्षे उघडले नव्हते. खांद्याने ढकलावे लागले, तेव्हा वरचा चुना अंगावर आला. मास्तरांच्या आजोबांची हाडे डाव्या फळीवर पसरली होती. ती त्याने पेटीत गोळा करून कोपऱ्यात ठेवली. फळी झाडली. पाणी मारले.

"डावी फळी," नख्ले म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "उजवीवर कोण?"

"सलमाकाकू. तुम्हाला माहीत आहे."

"माझी ओळ तुझ्याकडे नव्हती."

"नव्हती."

"माझ्या नावापुढे रेघ आहे."

"आहे."

"मग कोणाला विचारून उघडलंस?"

अबूनाने दाढीतला चुना झटकला. तो पुन्हा नववीतल्या मुलासारखा अवघडून उभा होता. "कोणाला विचारणार, मास्तर? तुम्ही मेला होतात."

वर्दे खाली बसली. वालेन्तिना खिडकीपाशी गेली आणि बाहेर बघत राहिली. चर्चचे छप्पर तिथून दिसते, आणि त्याच्या डाव्या अंगाला, जमिनीलगत, तळघराचे लोखंडी दार. ते सताड उघडे होते. मग वळून तिने जुर्जीला विचारले की आत कॉफी उरली आहे का, आणि कशी आहे ते महत्त्वाचे नाही.

नख्लेंना मात्र अजून राहवेना. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही प्रश्न अर्धा सोडला नव्हता. त्यांनी मितरीला सांगितले की हा नियम नाही, ही गडबड आहे. बिशप विचारतील तेव्हा तू काय सांगशील. आणि मुख्य म्हणजे मी आज जिवंत असताना, शुद्धीवर, साक्षीदारांसमोर, तुझ्या प्रश्नाला तेच उत्तर देतो जे सप्टेंबरात दिले. असेल. नसेल. मला ठाऊक नाही, आणि मी बघायला तयार आहे. याच्यापुढे एक अक्षर मी लिहिणार नाही. आता तू सांग, या उत्तरावर तू दार उघडणार की नाही.

अबूना मितरीने झग्याच्या खिशातून मोठी किल्ली काढली, तिच्याकडे बघितले, आणि परत खिशात ठेवली.

"उत्तर अपुरं आहे, मास्तर," तो म्हणाला. "जागा तुमचीच."